दहातले आठ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सुनंदालासुद्धा नाही — आणि सुनंदा माझी बायको आहे, माझ्या कुठल्या दाढेत सिमेंट भरलंय तेही तिला ठाऊक असतं. पण हे नाही. कारण हे तिच्या भावाचं आहे. म्हणजे — भावाचं नव्हे, माझं. बघा, पहिल्याच दमात मी त्यांचं नाव पुढं केलं. ही सवय जुनी आहे.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून आधी थोडं माझ्याबद्दल. मी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत हिशेब बघतो. राहायला राजारामपुरीत. नातेवाइकांत माझी ख्याती आकड्यांचा माणूस अशी आहे. लग्नाच्या हॉलमध्ये शिरलो की आचारी मलाच विचारायला येतो, "दाजी, किती पान उठंल?" आणि मी सांगितलेल्या आकड्यावर तो भात टाकतो. सुनंदा चेष्टा करते — "ह्यांना विचारा, आपल्या वरातीमागं किती रिक्षा अडकल्या होत्या ते." खरं सांगायचं तर मला ते आवडतं. 'अंदाजे' हा शब्द मी जपून वापरतो. ज्याची मोजदाद केली नाही त्याचा आकडा द्यायचा नाही, हे मी माझ्या मुलीला ती पाढे शिकत होती तेव्हापासून सांगत आलो.

असा माणूस मनानं आकडा बनवेल का? बनवतो. मी बनवला.

सुनंदाचे थोरले भाऊ म्हणजे आप्पा. हातकणंगल्याच्या बाजूचं त्यांचं गाव. वकिली करता करता ते राजकारणात गेले आणि पुढं खासदार होऊन दिल्लीला गेले. पक्षाचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही — इतका लहान पक्ष की त्याचे सगळे खासदार आप्पांच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसायचे आणि तरी एखादी खुर्ची उरायची. पण वेगवेगळ्या राज्यांतली माणसं. आप्पा त्यांचे गटनेते. संसदेत लहान पक्षाला बोलायला मिनिटं फार थोडी मिळतात. ती कुणी वापरायची, कुठल्या प्रश्नावर खर्च करायची, हे आप्पा ठरवायचे. आणि ज्याचा प्रश्न मागे राहील त्याला तो का मागे राहिला हे तोंडावर सांगायचे. हे दुसरं काम जास्त अवघड, असं ते म्हणायचे.

त्यांची पद्धत होती. अधिवेशनाच्या आधी सगळ्या सहकाऱ्यांना फोन करून विचारायचं — काय खुपतंय? कुणाला कांद्याची निर्यात खुपायची, कुणाला परीक्षांचे फुटलेले पेपर, कुणाला बंद केलेला रेल्वेचा थांबा. मग आप्पा त्याची खातरजमा करायचे. प्रत्येक गोष्ट दोन माणसांना विचारायची, आणि ती दोघं एकमेकांच्या ओळखीची नकोत. "एकटा माणूस खोटं बोलतोय असं न्हाय, दाजी," मला एकदा म्हणाले, "पर सजवून सांगतोय." आणि अधिवेशनाच्या आदल्या दिवशी सगळे जमले की एकेकाचं नाव घेऊन उत्तर द्यायचं.

दोन माणसं. सगळ्यांच्या बाबतीत दोन. फक्त माझ्यावर दुसरा माणूस नसे.

का, हे सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच उभं आहे. सुनंदाच्या माहेरी दाजींचा मान मोठा. बहिणीचा नवरा आला की घरातला थोरलासुद्धा उठून उभा राहतो. दाजींचं ताट आधी. दाजी चुकीच्या रस्त्याने गाडी घेऊन गेले तर सगळी मागची माणसं त्याच रस्त्याने जातात, आणि पोचल्यावर "ह्या बाजूनं झाडं चांगली हायती" असं म्हणतात. ह्यातला विनोद मला पहिल्यापासून कळतो. सुनंदा तर म्हणते, "माझ्या माहेरानं तुम्हाला बिघडवलं." पण त्या घरात एक गोष्ट कधीच होत नाही — दाजींनी सांगितलेल्या गोष्टीवर "खरंच का?" असं कुणी विचारत नाही. तो अपमान. मोठ्यांपुढं चप्पल घालून बसण्यासारखा.

आप्पा माझ्याहून वयानं कितीतरी मोठे. खासदार. आणि मी पायरीवर दिसलो की हातातला फोन बाजूला ठेवून उठायचे. "या, दाजी. कवा निघालासा? च्या टाका गं." हे इतक्या प्रेमानं, की माझ्या स्वतःच्या भावानं मला कधी असं घरात घेतलेलं नाही. मला ते प्रेम हवं होतं. अजूनही हवं आहे. म्हणूनच तर —

थांबा. म्हणूनच वगैरे काही नाही. जे झालं ते सांगतो.

त्या वर्षी दिवाळी होऊन गेली होती. आप्पांचा दिल्लीहून फोन आला. त्यांच्या गटात पूर्वेकडच्या राज्यातल्या एक बाई होत्या, सगळे त्यांना मौसीजी म्हणत. त्यांच्या भागातली पुष्कळ माणसं इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला. मौसीजींचं म्हणणं असं की ही माणसं दोन-चार वर्षांनी गावी परत येतात ती खोकतच येतात. सुताची बारीक धूळ छातीत बसते. दम लागतो, जिना चढवत नाही. देशभर जिथं जिथं माग चालतात तिथं कारागिरांची छाती तपासायची सोय सरकारनं करावी, अशी मागणी पक्षानं संसदेत लावून धरावी, असं त्यांना हवं होतं. गटातला दुसरा एक सहकारी म्हणत होता, बाई वाढवून सांगतात, बिडीचा खोकला असेल, आपली मिनिटं कांद्याला द्या.

"दाजी, इचलकरंजी तुमच्या बुडाखाली हाय," आप्पा म्हणाले. "जरा जाऊन येतासा? मालकास्नी इचारू नका. कारागिरास्नी इचारा, शेडात जाऊन, एकेकट्याला. खोकला हाय का, दम लागतोय का. तुम्ही सांगितलासा की मला दुसरीकडं बघायला नको."

मी म्हणालो, जातो.

आणि मी गेलो, बरं का. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता तुम्हालाही सांगतो — मी गेलो होतो. रविवार बघून स्कूटर काढली आणि इचलकरंजी गाठली. पण शेडात आधी गेलो नाही. आधी दत्ताकडं गेलो. दत्ता माझा शाळेतला मित्र, त्याचे स्वतःचे माग. म्हणजे मालक. आप्पांनी नको म्हटलेलं पहिलंच दार मी वाजवलं. का? कारण ओळखीचं होतं. अनोळखी शेडात शिरून परप्रांतातल्या माणसाला, माझ्या मोडक्या हिंदीत, "तुमची छाती दुखते का" असं विचारायचं — मला लाज वाटत होती. हो, लाज. ते मला पोलीस समजतील, मालक हाकलून देईल, असं काय काय डोक्यात होतं. दत्ताच्या ओळखीनं जाऊ, असा विचार केला.

कशासाठी आलोय ते त्याला सांगितलं. दत्तानं काय केलं असेल? जे कुणीही केलं असतं ते केलं. बसवलं. "अरे, खासदारांचं दाजी आल्यात!" म्हणून शेजारच्या दोन कारखानदारांना बोलावून घेतलं. त्यांनी मला नमस्कार केला, वीजबिलाचं रडगाणं सांगितलं, आप्पांच्या कानावर घाला म्हणाले. मी मान डोलवत होतो. मटण केलं होतं. मी जेवलो, पुन्हा वाढा म्हणालो. ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्या शेडात जाऊन त्यांच्याच माणसांना काय विचारणार मी? पण हेही खरं कारण नव्हे. खरं कारण — मला तिथं छान वाटत होतं. माझ्या फाउंड्रीत मला बघून कुणी उठून उभं राहत नाही.

जेवण झाल्यावर दत्तानं शेड दाखवली. तुम्ही चालू मागांच्या शेडात कधी उभे राहिला आहात? आवाज कानात नाही, दातांत जाणवतो. शेजारचा माणूस ओरडून बोलला तरी ओठ हलताना दिसतात फक्त. माग चालू, माणसं कामात, हवेत कापसाचा भुगा उन्हाच्या तिरिपीत तरंगतोय. कुणी खोकत असेल तर ऐकू येणार कसं? दत्ता माझ्या कानाशी येऊन ओरडला, "बघ! आजारी दिसतंय का कोण?" मी हातानंच 'नाही' केलं. शेडाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलो आणि बाहेर पडलो.

एकालाही विचारलं नाही.

परत येताना रस्त्यात आकडा तयार झाला. मी तो कसा केला हे सांगतो, कारण त्यात माझी सगळी हुशारी वापरली गेली. 'सगळे ठीक आहेत' असं म्हटलं असतं तर आप्पांना ते खोटं वाटलं असतं. इतकी वर्षं हिशेब बघतोय, मला कळतं — पूर्ण आकड्यावर लोकांचा विश्वास बसत नाही, थोडी तूट असली की बसतो. म्हणून मी त्यात दोन खोकणारे घातले. संध्याकाळी फोन केला. "आप्पा, दहातले आठ जण म्हणतात काही त्रास नाही. दोघांना खोकला आहे, पण ते बिडी ओढणारे."

बिडी मी जागच्या जागी घातली. आधी ठरवलेली नव्हती.

"शाबास," आप्पा म्हणाले. "दमलासा असशीला. जेवा आता."

इथं थांबलं असतं तर कदाचित मी विसरूनही गेलो असतो. माणूस अशी खोटी बोलणी विसरतो. पण डिसेंबरात सुनंदाला भावाकडं जायचं होतं, मीही रजा काढली, आणि आम्ही दिल्लीला नेमके अधिवेशनाच्या आदल्या दिवशी आप्पांच्या बंगल्यात होतो. बैठक त्यांच्या दिवाणखान्यातच. मी आत खोलीत बसतो म्हणालो तर आप्पा ऐकेनात. "आमच्या दाजींपासून लपवायचं काय हाय?" असं सगळ्यांना सांगून मला कोपऱ्यातल्या चांगल्या खुर्चीवर बसवलं, हातात चहा दिला, शेजारी शेगडी ठेवली.

आणि मग मी आप्पांना काम करताना बघितलं. तुम्ही ते बघायला हवं होतं. त्यांची हिंदी म्हणजे कोल्हापुरी मराठीलाच हिंदीची टोपी. "देखो, तुमारा पेपरफुटी का बराबर है, पर तुम बोलते वैसा कायदा लाके बच्चे की परीक्षा दुबारा चुकनेवाली है, उसका क्या?" सगळे हसायचे, पण ऐकायचे. रेल्वेच्या थांब्यावाल्याला त्यांनी सांगितलं की तुझा मुद्दा खरा आहे पण तो संसदेत मांडायचा नाही, मी मंत्र्याला भेटतो, तू माझ्याबरोबर चल. तो रुसला. त्याला स्वतःच्या हातानं शेंगा सोलून दिल्या. कुणाचीही काळजी त्यांनी हसण्यावारी नेली नाही, आणि खोटं आश्वासनही कुणाला दिलं नाही. मला वाटलं, ही माणसं ह्या माणसावर विसंबून आहेत. आणि मला अभिमान वाटला. तेव्हाही, त्याच खुर्चीवर. आपण काय करून बसलोय हे माहीत असताना अभिमान वाटू शकतो का? मला वाटला.

मग मौसीजींची पाळी आली. साठीच्या बाई, अंगावर जाड शाल, पुढं झुकून बसलेल्या. आप्पा त्यांच्याशी सावकाश बोलले. म्हणाले, तुमची काळजी खोटी नाही, पण आपल्याला वाटली तेवढी मोठी ती नसावी. मी ऐकीव बोलत नाही, माझ्या घरचा माणूस शेडात जाऊन एकेकाला विचारून आला आहे. दहातले आठ बरे आहेत. आणि त्यांनी हात माझ्याकडं केला.

मौसीजी माझ्याकडं वळल्या. सगळेच वळले.

"आपने खुद पूछा, भैया?"

मी मान हलवली. तोंडानं एक शब्द बोललो नाही. लोक ह्याला खोटं बोलणं म्हणतात. मी तर बोललोही नाही — कपातला चहा हिंदकळू नये म्हणून कप सावरत मान फक्त वरून खाली नेली.

तुम्हाला वाटेल त्या चिडल्या असतील, आपली मागणी गेली म्हणून. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांचा चेहरा मोकळा झाला. खांदे खाली आले. "चलो, अच्छा है," त्या म्हणाल्या, "मैं तो डर ही गई थी." आणि त्यांनी बसल्या जागेवरून मला हात जोडले. आपली माणसं बरी आहेत ही बातमी मी आणली होती, म्हणून.

त्या अधिवेशनात पक्षाची मिनिटं कांद्याला गेली.

पुढचं वर्ष सरत आलं तेव्हा मौसीजी स्वतः इचलकरंजीला आल्या. त्यांच्या गावाकडं माणसं खोकत परतायची थांबली नव्हती. त्या येणार म्हणून आप्पाही आले, आणि आप्पा आले म्हणून मला जाणं भाग होतं. ह्या खेपेला शेड दुसऱ्याच मालकाची. आम्ही आत उभे होतो, तोच आवाज, तीच ओठांची हालचाल. आणि वीज गेली.

माग एकदम थांबत नाहीत. एकेक करत, सुस्कारा टाकल्यासारखे थांबतात. शेवटचा थांबला आणि शेड गप्प झाली. मग ते ऐकू आलं. ह्या कोपऱ्यातून, त्या कोपऱ्यातून. कोरडा, बारीक, न संपणारा खोकला. एकाचा थांबला की दुसऱ्याचा सुरू. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं, कुणी तोंडावर हातही धरत नव्हतं. त्यांच्या रोजच्याच सवयीचं ते होतं. मौसीजी एका मागाला धरून उभ्या राहिल्या. त्यांनी आप्पांकडं बघितलं.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. हे मुद्दाम होतं. ते खाली, फरशीवरच्या कापसाकडं बघत राहिले.

परत येताना गाडीत मौसीजी पुढं बसल्या होत्या, आम्ही दोघं मागं. मग आप्पा हळूच, मला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुम्ही आल्तासा तवा एवढं नसंल, दाजी. मागनं वाढलं असंल."

त्यांनी माझ्यासाठी सबब स्वतः शोधली होती. शेडापासून तिथवर ते गप्प होते ते तीच शोधत होते, असं मला वाटतं. ते शब्द त्यांनी माझ्यापुढं ठेवले, ताट ठेवावं तसे, आधी दाजींना. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. नाही आप्पा, तेव्हाही असंच होतं, मी विचारलंच नव्हतं. एवढं वाक्य. जास्तीत जास्त काय झालं असतं? ते दुखावले असते. मग माफ केलं असतं — हे मला तेव्हाही नक्की माहीत होतं.

मी म्हणालो, "व्हय. असंल."

पहिल्या खोट्याला आळस म्हणता येईल, भिडस्तपणा म्हणता येईल. ह्याला काय म्हणायचं?

दिल्लीत पुढच्या बैठकीत आप्पा उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांसमोर मौसीजींची माफी मागितली. मी तिथं नव्हतो, हे मला सुनंदाकडून कळलं, तिला वहिनींकडून. आप्पा म्हणाले म्हणे की माहिती जुनी झाली होती, पुन्हा विचारायला हवं होतं, तो आळस माझा. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. ज्याला कांद्यासाठी मिनिटं मिळाली होती त्यानंच टोमणा मारला — "नेताजी का सर्वे घर में ही होता है." आप्पा म्हणाले, "बराबर है." पक्षानं त्या अधिवेशनात तपासणीची मागणी लावून धरली. विचार करू, असं उत्तर आलं. पुढं काही डॉक्टरांनी आपणहून इचलकरंजीत छाती तपासायची शिबिरं सुरू केली. मौसीजींनी त्यांच्या मागं खूप खेपा घातल्या. पण एक वर्ष गेलंच होतं. ते वर्ष कुणाकुणाच्या छातीत गेलं? मी आकड्यांचा माणूस. हा हिशेब मी कधी मांडायला बसलेलो नाही.

आणि आप्पांची उत्तरं सहकारी पूर्वीसारखी ऐकेनात. "पक्का पूछा है ना?" असं आधी हसत, मग न हसता विचारायला लागले. पुढच्या वेळी गटानं दुसरा नेता निवडला. आप्पा सांगतात गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून सोडलं.

आता ते गावीच असतात. गुडघे खरंच गेले आहेत. पण मी दारात दिसलो की खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उठतात. "आप्पा, बसा हो," म्हणून मी धावतो, तोवर ते उभे असतात. वहिनी ओरडतात, "पडशीला की एक दिस!" "पडंना," आप्पा म्हणतात, "दाजींच्या म्होरंच पडंन न्हवं?" आणि आम्ही सगळे हसतो. मीही हसतो. मौसीजींचा दिवाळीला फोन येतो, बोलून झालं की आप्पा तो माझ्या हातात देतात. त्या विचारतात, भैया, तबियत कैसी है? मी म्हणतो, ठीक.

इतकी वर्षं हे असंच चाललं होतं आणि कदाचित असंच चालू राहिलं असतं. पण पंधरवड्यापूर्वी आम्ही गावी होतो, तेव्हा पक्षाचे सध्याचे गटनेते आप्पांना भेटायला आले. चाळिशीचे गृहस्थ, नम्र. म्हणाले, आप्पा, एकेक सहकारी एकेक प्रश्न घेऊन येतो, सगळे देशाचे, सगळे तातडीचे, मी उत्तर देतो आणि मलाच खात्री नसते. तुम्ही कसं करायचा?

आप्पांनी माझ्याकडं बोट केलं. "असा एक माणूस जवळ पायजे. जाऊन, इचारून येणारा."

ते गृहस्थ माझ्याकडं वळले. "दाजी, तुम्ही नेमकं काय करायचा?"

आणि मी सांगितलं. ऐकताय ना? मी त्यांना समजावून सांगितलं. मालकाला बाजूला ठेवायचं. माणसाला एकट्याला गाठायचं. घाई करायची नाही, तो बोलेपर्यंत थांबायचं. ते मन लावून ऐकत होते. आप्पा डोळे मिटून मान डोलवत होते, एखाद्याचं गाणं ऐकावं तसे, आणि सुनंदा दारात उभी राहून माझ्याकडं ज्या कौतुकानं बघत होती ते मी —

नाही. इथवरचं सगळं सांगताना मी एक गोष्ट गाळली. तुम्हाला वाटलं असेल, हा माणूस लाजला, जेवला, आवाजात ऐकू आलं नाही, म्हणून चुकला. मीच तसं मांडलं आहे. आता ती गोष्ट सांगतो.

दत्ताच्या शेडातून निघून मी स्कूटरपाशी आलो होतो. दत्ता आत फोनवर होता. मागून एक माणूस आला. माझ्याच वयाचा असेल. केसांत, भुवयांत कापूस. तोंडावर गमछा. त्यानं दत्ता दिसत नाही ना हे वळून बघितलं, गमछा खाली केला आणि म्हणाला, "साहब, आप खाँसी का पूछने आए हैं ना?"

म्हणजे आत कळलं होतं. ते वाट बघत होते.

मी किल्ली लावली आणि विचारलं, "सब ठीक है ना?"

त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याला खोकला आला. वाकला. बाहेर आवाज कमी होता, मला नीट ऐकू येत होतं. खोकता खोकताच त्यानं एक हात वर केला, पंजा माझ्याकडं करून — थांबा. एवढा खोकला संपू द्या, मग सांगतो. दुसरा हात गुडघ्यावर. मी त्याच्याकडं बघितलं. मला सगळं कळलं होतं. त्यानं एक शब्दही सांगायची गरज उरली नव्हती, आणि नेमकं म्हणूनच मला तो ऐकायचा नव्हता. मी गाडी चालू केली आणि निघालो. कोपऱ्यावर वळताना आरशात तो दिसला. हात अजून वर होता.

पुढच्या वर्षी आप्पांबरोबर त्या गावात गेलो तेव्हा मी त्याची चौकशी केली नाही. तो कुठं दिसू नये एवढंच बघत होतो.

मी दिलेल्या दहांतली नऊ माणसं अस्तित्वातच नव्हती. तेवढा एकच खरा होता. रस्त्यानं येताना मी विचार केला — मी 'ठीक है ना' असं विचारलं, आणि तो नाही म्हणाला नाही. म्हणून त्याला मी आठांत धरला.